तुकड्याला चिठ्ठी बांधा

मावशीची लोकरीची पिशवी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात एक अर्धा स्वेटर होता. करड्या रंगाचा, काकांच्या पंचाहत्तरीसाठी घातलेला. पाठ पूर्ण झाली होती, पुढचा भाग मुंढ्यापर्यंत आला होता आणि तिथेच मावशीच्या बोटांतल्या संधिवाताने उचल खाल्ली. तिने टाके सुयांवरून उतरवून दोऱ्यात ओवून ठेवले, सुया कुणाला तरी देऊन टाकल्या आणि पिशवी माझ्या हातात ठेवत म्हणाली, "अगं, दोन बाह्या आणि निम्मा पुढचा भाग राहिलाय. तू बसलीस तर होऊन जाईल."

पिशवीच्या तळाशी त्याच करड्या लोकरीचे नमुन्याचे तुकडे होते. पंजाएवढे, नीट चौकोनी, चारी कडांना गार्टरची पट्टी घेतलेले. मावशी शिस्तीची. नमुना विणून टाके मोजल्याशिवाय ती बाळाचं टोपडंसुद्धा घालत नसे. पण एकाही तुकड्यावर कागद नव्हता, दोरा नव्हता, कसली खूण नव्हती. कोणता कितीच्या सुयांवर विणला, कोणता धुतला, कोणता तसाच ठेवला आणि यांपैकी कशावरून स्वेटरचा हिशेब बांधला, हे कळायला मार्ग नव्हता. मावशीला विचारलं. ती बराच वेळ तुकडे उलटसुलट करून बघत राहिली. "दहाच्या असतील. नाहीतर नवाच्या. नक्की नाही गं आठवत."

इतकी वर्षं इतकं मन लावून विणणाऱ्या बाईच्या हातात तिचाच तुकडा होता आणि तो तिला काही सांगत नव्हता. नमुना विणा, माप घ्या, मगच टाके घाला, हे विणकामाच्या प्रत्येक पुस्तकात असतं. तो तुकडा नंतर कसा ठेवायचा, त्यावर काय लिहायचं, याबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी हिशेब सांगते, म्हणजे एवढ्याशा तुकड्याचं मोल कळेल. १० सेंटीमीटर रुंदीत किती टाके आणि १० सेंटीमीटर उंचीत किती ओळी बसतात, या दोन आकड्यांवर सगळा स्वेटर उभा राहतो. छातीचा घेर १०० सेंटीमीटर हवा असेल आणि १० सेंटीमीटरला २२ टाके बसत असतील, तर २२० टाके लागतात. तेच २२० टाके २१ च्या मापाने पडले तर घेर जवळजवळ १०५ होतो आणि २० च्या मापाने पडले तर थेट ११०. एखाद-दुसऱ्या टाक्याचा फरक अंगावर गेल्यावर एवढा वाढतो. तुकड्यावर अर्धा टाका दिसला तर तोही मोजावा, सोडून देऊ नये.

आता त्या करड्या स्वेटरकडे येते. पाठ टेबलावर सपाट पसरून मधल्या भागात मोजलं, तर १० सेंटीमीटरला २२ टाके आणि ३० ओळी आल्या. पिशवीतल्या तुकड्यांपैकी दोन तुकडे २२ टाके दाखवत होते, पण त्यांच्या ओळी एकमेकींशी जुळत नव्हत्या. मावशीचा हात सैल, माझा घट्ट. तिच्या दहाच्या सुयांवर जे माप येतं ते माझं नवाच्या किंवा आठाच्या सुयांवर येतं, एवढं मला ठाऊक होतं. मी माझ्या हाताने नवे नमुने विणले. आठ नंबरवर २२ टाके, ३० ओळी आल्या. जुळलं, असं धरून बाही घातली. सर्वांत रुंद जागी ८० टाके, एकंदर १३२ ओळी. सुयांवरून उतरल्यावर ती रुंदीला साधारण ३६ आणि लांबीला ४४ सेंटीमीटर भरली, हवी तशी. मग ती धुतली.

वाळल्यावर तीच बाही ३९ रुंद आणि ४७ लांब झाली. काकांच्या हाताला लावून पाहिली तर बोटांच्या पेरांपर्यंत पोचत होती.

झालं होतं ते असं. ती लोकर मावशीच्या मुलीने मेलबर्नहून आणलेली मेरिनो होती, मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. साधी लोकर गरम पाण्यात चोळली की ते खवले एकमेकांत अडकतात, कपडा आटतो आणि नमद्यासारखा घट्ट होतो. मशीनमध्ये धुण्याजोग्या लोकरीचे खवले प्रक्रियेत झिजवलेले किंवा पातळ थराखाली झाकलेले असतात. त्यामुळे ती आटत नाही, पण ओली झाली की टाके एकमेकांवरची पकड सोडतात आणि वीण सैलावते. मावशीची पद्धत अशी, की प्रत्येक भाग विणून झाला की धुवायचा, चादरीवर टाचण्या लावून मापात वाळवायचा आणि मगच जोडायचा. म्हणजे मी मोजलेली पाठ धुतलेली होती. तिचे २२ टाके धुतल्यानंतरचे होते, माझे २२ धुण्याआधीचे. माझे धुतल्यावर साडेवीस झाले आणि ३० ओळींच्या २८ झाल्या.

त्या दोन तुकड्यांपैकी एकावर नुसतं 'धुऊन २२' असं लिहिलेलं असतं, तर एक अख्खी बाही उसवावी लागली नसती. उसवलेली लोकर वळ्या पडून येते. तिची लडी करून, भिजवून, वजन न लावता वाळवून पुन्हा वापरली. नवाच्या सुयांवर न धुता साडेतेवीस टाके आले, धुतल्यावर बरोबर २२. काकांनी तो स्वेटर पंचाहत्तरीच्या दिवशी घातला. ओळखणारी फक्त मावशी. तिने बाहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "इथपासून तुझा हात आहे."

तेव्हापासून मी चिठ्ठीशिवाय तुकडा खाली ठेवत नाही आणि शिकायला येणाऱ्या मुलींनाही ठेवू देत नाही. चिठ्ठी लिहायची वेळ एकच, तुकडा सुयांवर असताना. टाके बंद केल्यावर लिहू, धुतल्यावर लिहू, स्वेटर झाल्यावर सगळं एकदम लिहू, असं म्हटलं की ते राहतंच. सुया डोळ्यांसमोर असतात तेव्हा त्यांचा नंबर लिहायला पाव मिनिट लागतं. चार महिन्यांनी तोच नंबर शोधायला संध्याकाळ जाते.

काय लिहायचं, यात सुयांचं माप पहिलं आणि ते मिलिमीटरमध्येच. आपल्या घरांतल्या जुन्या सुया ब्रिटिश नंबरांच्या आहेत. त्यात नंबर वाढेल तशी सुई बारीक होत जाते. आठ म्हणजे ४ मिलिमीटर, नऊ म्हणजे ३.७५, दहा म्हणजे ३.२५, अकरा म्हणजे ३, बारा म्हणजे २.७५. अमेरिकन नंबर बरोबर उलटे चालतात. तिथली आठ नंबरची सुई ५ मिलिमीटरची आणि दहा नंबरची ६ मिलिमीटरची. आता निम्मे नमुने आपण परदेशी पुस्तकांतून घेतो, सुया कुणीतरी न्यू जर्सीहून आणून देतं, आणि चिठ्ठीवर नुसतं '१०' लिहिलेलं असतं. ते ३.२५ आहे की ६, हे दोन वर्षांनी सांगता येत नाही. जुन्या सुयांवरचा नंबर पुसला गेला असेल तर भोकांची मापपट्टी वापरावी. ज्या भोकातून सुई न अडकता, न डगमगता जाते ते तिचं माप. सुई धातूची की बांबूची, हेही लिहावं. गुळगुळीत धातूवर टाका सरकतो, बांबूवर धरून राहतो, आणि कित्येकींच्या हाताला तेवढ्याने अर्ध्या टाक्याचा फरक पडतो.

लोकरीचं नाव, ती कशाची आहे, किती पदरी, रंगाचा क्रमांक आणि लॉट क्रमांक हे गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर छापलेलं असतं. वर्धमान असो, ओसवाल असो की बाहेरून आलेली असो, ती पट्टी फेकू नये. एक पट्टी घडी करून तुकड्याबरोबर ठेवली की निम्मं लिहायचं काम वाचतं. लॉट क्रमांक फार महत्त्वाचा. एकाच रंगाच्या दोन घाण्यांत किंचित फरक असतो आणि तो दुकानातल्या दिव्याखाली दिसत नाही, उन्हात दिसतो.

मग टाके आणि ओळी, पण दोनदा: धुण्याआधी इतके, धुतल्यावर इतके. यांपैकी एकच आकडा लिहायला वेळ असेल तर धुतल्यानंतरचा लिहावा आणि त्यापुढे 'धुऊन' हा शब्द लिहावाच. कसं धुतलं तेही एका ओळीत: थंड पाण्यात हाताने, की मशीनमध्ये. ज्याच्यासाठी स्वेटर आहे तो तो जसा धुणार आहे, तसाच तुकडाही धुवावा. सुताचा तुकडा असेल तर धुतल्यावर वरच्या कडेला चिमटे लावून एक दिवस टांगून ठेवावा आणि मग ओळी पुन्हा मोजाव्यात. सुती धागा जड असतो, अंगावर तो आपल्याच वजनाने खाली ओढला जातो. अ‍ॅक्रिलिकला गरम इस्त्री किंवा जोराची वाफ लागली की त्याची लवचीकता कायमची जाते, वीण लोळागोळा होते. तुकड्याला इस्त्री केली असेल तर ते लिहिल्याशिवाय त्याचं माप विश्वासाचं नाही.

तुकडा सपाट विणला की गोल, हे बहुतेकजणी लिहीतच नाहीत. सपाट विणताना एक ओळ सुलट, एक उलट. पुष्कळजणींची उलट ओळ सुलटीपेक्षा सैल पडते. गोल सुईवर सगळ्याच ओळी सुलट, त्यामुळे माप बदलतं. सपाट तुकड्याच्या मापावरून गोल टोपी घातली आणि ती कपाळाला रुतली, असं होण्यामागे बहुधा हेच कारण असतं.

आणि विणणारीचं नाव. एका घरात आई, मुलगी, सासू तिघी विणत असल्या तर तिघींचे हात तीन. ज्या मुलीने आईच्या तुकड्यावरून टाके घातले, तिने आईच्या हातावर हिशेब केला आणि स्वतःच्या हाताने विणलं. शेवटी महिना आणि साल, कारण आपला स्वतःचा हातही बदलतो. शिकताना घट्ट असतो, सवयीने सैल होतो. मन अस्वस्थ असलं तरी टाके आवळले जातात. पाच-सात वर्षांपूर्वीच्या आपल्याच तुकड्यावर मी डोळे मिटून विसंबत नाही, पण कुठून सुरुवात करावी हे तो नक्की सांगतो.

एवढं सगळं लिहायचं कशावर? कागदावर नको. कागद ओला होतो, फाटतो, आणि मुख्य म्हणजे तो तुकड्याला लावायला आपण स्टेपलरची किंवा साधी टाचणी वापरतो. पुण्यातल्या पावसाळ्यातही तिला गंज चढतो, कोकण-गोव्याकडे तर विचारायलाच नको. लोकरीवर बसलेला गंजाचा डाग जात नाही आणि त्या जागी तंतू कुजतात. पांढरी सुती फीत सर्वांत उत्तम. तुळशीबागेत मीटरवर मिळते. बोटभर लांब तुकडा कापावा, कपड्यावर न पुसणाऱ्या शाईच्या पेनाने लिहावं, शाई पूर्ण वाळू द्यावी आणि दोन टाके घालून फीत एका कोपऱ्याला शिवून टाकावी. बॉलपेन चालत नाही, पहिल्याच धुण्यात पसरतं. एका आजींनी मला धोब्यांची जुनी रीत सांगितली: बिब्ब्याच्या रसाने खूण करायची, चुना लावला की ती काळी आणि पक्की होते, कितीही धुतलं तरी जात नाही. रीत खरी आहे, पण बिब्बा अंगावर उततो आणि फोड येतात. लोकरीचे तुकडे आपण गालाला लावून बघतो. तेव्हा पेनच बरं.

फितीशिवाय आणखी एक खूण मी धाग्यातच ठेवते. टाके घालताना सुरुवातीचा धागा वीतभर सोडायचा आणि सुईच्या मिलिमीटरइतक्या गाठी त्यात मारायच्या. ४ मिलिमीटरला चार गाठी. ३.७५ असेल तर तीन गाठी, थोडी जागा सोडून आणखी तीन. या दुसऱ्या तिन्ही पाव-पाव मिलिमीटरच्या. काहीजणी गाठींऐवजी विणीतच सुलट बाजूवर उलट टाक्यांचे तेवढे दाणे काढतात किंवा जाळीची तेवढी भोकं पाडतात. भोकं दिसायला सुरेख दिसतात, पण मी ती टाळते, कारण त्या ओळीचं माप ढळतं. गाठी धुण्यात टिकतात आणि फीत हरवली तरी निदान सुई कळते. मावशीच्या त्या करड्या तुकड्यांत गाठी असत्या तर निम्मं काम झालं असतं.

लोकर कमी असली की नमुन्याचा तुकडा उसवून शेवटच्या बाहीत घालावा लागतो. लोकर महाग असते, लॉट संपलेला असतो. त्यात गैर काही नाही. फक्त उसवण्याआधी तुकडा मोजपट्टीशेजारी सपाट ठेवून फोटो काढावा आणि फितीवरचा सगळा मजकूर वहीत उतरवावा. वही हवीच. माझ्या वहीत प्रत्येक तुकड्याला क्रमांक आहे, तोच फितीच्या मागच्या बाजूला आहे. एलिझाबेथ झिमरमन ही इंग्लंडमध्ये जन्मलेली आणि अमेरिकेत राहिलेली विणकर लेखिका. 'निटिंग विदाउट टिअर्स' हे तिचं पुस्तक १९७१ मध्ये आलं. टाक्यांच्या मापाबाबत ती अतिशय आग्रही होती आणि नुसता चौकोन विणायचा कंटाळा येत असेल तर त्याच लोकरीची टोपी विणून तिच्यावर माप घ्या, असं सांगायची. आपल्याकडे बाळंतविड्याचं टोपडं हेच काम करतं: लोकर कळते, हात कळतो आणि वस्तूही होते. पण टोपडं बाळाबरोबर त्याच्या घरी जातं आणि माप त्याच्याबरोबर जातं. म्हणून टोपडं देण्याआधी ते मोजून वहीत लिहून ठेवावं.

तुकडे ठेवायचे कसे, यावर माझी ठाम मतं आहेत. रंगाप्रमाणे लावू नयेत, ते दिसायला छान दिसतं आणि शोधायला निरुपयोगी. नवं काम घेताना आपण विचारतो तो प्रश्न असा असतो, की ही चार पदरी लोकर माझ्या हाताला किती टाके देते. म्हणून आधी लोकरीच्या जाडीप्रमाणे ढीग करावेत आणि त्यात मेंढीची लोकर, अ‍ॅक्रिलिक, सूत असे वेगळे. प्रत्येक ढिगाचे कोपरे जाड दोऱ्यात सैलसर ओवले की ते पानांसारखे उलटता येतात. पुठ्ठ्यावर चिकटवू नयेत. चिकटवलेला तुकडा ताणून बघता येत नाही, त्याची मागची बाजू दिसत नाही, लोंबकळून पडण्याची त्याची ढब कळत नाही आणि पुन्हा धुता येत नाही. सगळे तुकडे जोडून गोधडी करण्याची हौस मीही समजू शकते, पण जोडताना फिती कापल्या जातात आणि गोधडीत मापं राहत नाहीत.

प्लास्टिकचे कप्पे असलेल्या फायली पावसाळ्यात आतून घामेजतात. पातळ सुती पिशव्या चांगल्या. कसर लागते ती मेंढीच्या लोकरीला आणि इतर प्राणिज धाग्यांना. अ‍ॅक्रिलिक ती सहसा खात नाही, त्यावर तेलाचा किंवा खाण्याचा डाग असेल तर मात्र सोडत नाही. न धुतलेला, हाताचा घाम लागलेला तुकडा तिला आवडतो, हेही तुकडा धुऊन ठेवण्याचं एक कारण. बाहेरून आलेली जुनी पिशवी, मावशीची असली तरी, थेट आपल्या कपाटात ठेवू नये. मेंढीच्या लोकरीचे तुकडे हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावेत, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मग ऊन दाखवून झटकावेत. कडुनिंबाचा वाळलेला पाला मी ठेवते, पण त्याच्या भरवशावर राहत नाही. दर पावसाळ्यानंतर सगळं बाहेर काढून बघणं याला पर्याय नाही.

आता घरोघरी असतीलच असे निनावी तुकडे. त्यांच्याकडून जेवढं काढून घेता येईल तेवढं काढावं. टाके-ओळी मोजून लिहाव्यात, मग धुऊन पुन्हा मोजाव्यात. दोन्ही वेळा आकडे तेच आले तर तुकडा आधी धुतलेला होता असं धरायला हरकत नाही. सुईचं माप अंदाजाने लिहिलं तर त्याआधी प्रश्नचिन्ह काढावं. आपलाच अंदाज पुढे आपल्याला खरा वाटू लागतो. धागा कशाचा हे कळत नसेल तर बोटभर धागा कापून चिमट्यात धरावा, स्टीलच्या वाटीवर, जवळ पाणी ठेवून पेटवावा. मेंढीच्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, ज्योत काढली की ती विझते आणि काळी राख बोटांत चुरगळते. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ करडी राख राहते. अ‍ॅक्रिलिक वितळतं, त्याचा कडक काळा मणी होतो आणि तो गरम असताना बोटाला चिकटतो, म्हणून हात लावण्याआधी वाटीत पाणी ओतावं.